बाईंना ऑफसाइड समजवताना

शाळेत मुलं एकूण एकशे साठ. त्यातल्या मुली सत्तर, आणि सत्तरांतल्या मैदानावर धावायला तयार असलेल्या सतरा. या सतरांतून अकरा जणींचा फुटबॉल संघ उभा राहायचा आणि हजार-हजार मुलींच्या शाळांना पाणी पाजून परत यायचा. एखाद्या वर्षी असं झालं असतं तर लोकांनी नशिबावर ढकललं असतं. पण बावीस वर्षं नशीब कुणाकडे मुक्कामाला राहत नाही, म्हणून मग लोक गुपित शोधायला यायचे.

यायचे ते थेट लायब्ररीत, कारण या संघाच्या प्रशिक्षक म्हणजे शाळेच्या लायब्ररीतल्या बाई. मोठ्या शाळेचे एक क्रीडाशिक्षक एकदा असेच गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आले होते. बाई फाटक्या नकाशासंग्रहाच्या पाठीवर कापडी पट्टी चिकटवत बसल्या होत्या.

"तुमची सरावाची पद्धत काय?" क्रीडाशिक्षकांनी वही उघडून विचारलं.

"मुली खेळतात. मी बघते."

"आणि डावपेच?"

"ते मुलींना विचारा. मला त्यातलं फारसं कळत नाही."

बाई ताकास तूर लागू देत नाहीत असं वाटून गृहस्थ मैदानावर गेले आणि त्यांनी मुलींना गाठलं. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कॅप्टन हळू आवाजात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "बाई मनाने फार चांगल्या आहेत हो. पण फुटबॉल त्यांच्या डोक्यावरून जातो. आम्ही सांभाळून घेतो." ते गृहस्थ कोरी वही मिटून परत गेले. गुपित त्यांच्या हातात ठेवलं होतं, पण ते त्यांना दिसलं नाही. एवढं उघड्यावर ठेवलेलं गुपित दिसायला डोळेही तसेच लागतात.

बाईंच्या गळ्यात हा संघ पडला तो लायब्ररीमुळे. आधीचे क्रीडाशिक्षक बदलून गेले, नवीन मिळेनात, आणि मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवून म्हटलं, "बाई, तुमच्याकडे वेळच वेळ असतो." लायब्ररीतल्या माणसाला सगळं जग रिकामटेकडं समजतं. बाईंना चेंडू गोल असतो यापलीकडे काही माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पंचांनी शिट्टी वाजवून मुलींचा गोल रद्द केला, तेव्हा बाईंनी निरागसपणे विचारलं, "का गं? चांगला गेला होता की आत."

"ऑफसाइड, बाई."

"म्हणजे?"

आणि तिथे पंचाईत झाली. एकीने एक सांगितलं, दुसरीने दुसरंच, तिसरी म्हणाली दोघी चूक. लायब्ररीच्या टेबलावर तारखेचा शिक्का, शाईचं पॅड, डिंकाची बाटली, जे सापडेल ते खेळाडू म्हणून मांडून मुली तासभर भांडल्या, कारण बाईंना सांगायचं तर आधी आपलं एकमत व्हायला हवं होतं. त्या दिवसानंतर त्या वर्षी एकही मुलगी ऑफसाइडमध्ये सापडली नाही. तेव्हा बाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही.

घरी बाईंचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते आणि फुटबॉलचे वेडे. बायको फुटबॉलची प्रशिक्षक झाली म्हटल्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी रोज जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून तिला शिकवायला सुरुवात केली. बाई हुशार होत्या. चार महिन्यांत त्यांना ऑफसाइडच काय, मधली फळी कधी पुढे सरकवायची आणि कधी आवरायची हेही कळू लागलं. दुसऱ्या वर्षी त्या ऐटीत मैदानावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलींना सगळं नीट, सविस्तर सांगितलं. मुलींनी माना डोलावल्या. पहिल्याच फेरीत संघ गारद झाला. तीन गोल खाल्ले आणि चार वेळा ऑफसाइड.

बाईंनी पंधरा दिवस विचार केला. मग तिसऱ्या वर्षी नव्या मुली आल्या तेव्हा त्यांनी वेड पांघरलं ते कायमचंच. "अगं, हा कॉर्नर नेमका केव्हा मिळतो? मला मेलीला लक्षातच राहत नाही." यजमानांना त्यांनी निक्षून सांगितलं की बाहेर चकार शब्द काढायचा नाही. यजमानांनी तोंडाला कुलूप घातलं, पण सामने बघताना बायको शेजारी बसून मुलींना "हो का? असं असतं का?" म्हणू लागली की त्यांना खोकला यायचा.

हळूहळू त्याची रीतच पडून गेली. नवी मुलगी आली की पहिल्या महिन्यात तिने बाईंना काहीतरी एक समजवायचं. सोमवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत सगळ्यांनी बसायचं. बोलणारीला शेवटपर्यंत बोलू द्यायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. बाई फक्त दोनच शब्द बोलायच्या, "मग?" आणि "असं का?" थोरल्या मुली धाकटीची आठवडाभर तयारी करून घ्यायच्या, "नीट फोड करून सांग, त्यांना पटकन कळत नाही." कुणालाही संघातून काढायचा प्रश्नच नव्हता, कारण सतरांतली एक गेली तर सोळाच उरणार. त्यामुळे अडखळणारीलाही शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि मैदानावर अडचण आली की मुली कडेला बघायच्याच नाहीत. कडेला उभी असलेली बाई काही सांगू शकणार नाही, आपलं आपल्यालाच बघायला हवं, हे प्रत्येकीच्या हाडीमाशी भिनलेलं असायचं.

आता या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या. आणि त्यांच्या जागी संघ घ्यायला कोण यावं, तर खारूताई.

खारूताई बारा वर्षांपूर्वी याच संघात होती. बुटकी, दोन्ही गालांत सदा काहीतरी कोंबलेलं, पळताना स्वतःच्याच पायात पाय अडकवणारी. वर्षभर ती राखीव म्हणून बसली, आणि बसून बसून इतकी गप्प झाली की हजेरीतही तिचा आवाज ऐकू येईना. सोमवारची समजवायची पाळीही ती दर वेळी चुकवायची. त्या वर्षी बाईंनी मुद्दाम ऑफसाइड अडवून धरलं. एकामागून एक अकरा मुलींनी समजावलं, बाई आपल्या "नाही गं, अजून नाही शिरत डोक्यात" म्हणून मोकळ्या. शेवटी खारूताईची पाळी आली. तिने शिक्के मांडले, तीनदा चुकली, तीनदा सगळं उचलून पहिल्यापासून मांडलं. अर्धा तास गेला. मग बाई म्हणाल्या, "अगं, आज कळलं मला."

पोरगी तिथेच हुंदके देऊन रडली. पुढच्या वर्षी ती संघाची उजवी बाजू सांभाळत होती. पुढे तिने प्रशिक्षकाचा रीतसर अभ्यास केला, प्रमाणपत्रं मिळवली, आणि जिथे जाईल तिथे ही एकच गोष्ट सांगत राहिली. निरोपसमारंभात सांगितली, सासरी सांगितली, या नोकरीच्या मुलाखतीतही सांगितली. अकरा जणींना जे जमलं नाही ते मी केलं, तेव्हा मला कळलं की मला शिकवता येतं. मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नोकरी मिळाली. बाई त्या वेळी शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा करत खाली पाहिलं.

खारूताई आली ती पांढरा फळा, रंगीत पेनं आणि शिट्ट्यांची माळ घेऊन. तिला खरोखरच सगळं येत होतं. कुठल्या मुलीने कितव्या मिनिटाला कुठे असावं ते ती फळ्यावर बाण काढून दाखवायची. सोमवारची लायब्ररी बंद झाली, कारण समजवायचं कुणाला? नव्या ताईंना तर सगळंच माहीत. मुली निमूट माना डोलवायच्या, आणि सामन्यात चेंडू पायात आला की कडेला ताईंच्या तोंडाकडे बघायच्या. तेवढ्यात चेंडू जायचा. मोसमातल्या पहिल्या पाच सामन्यांपैकी चार हरले.

बाईंनी आडून आडून सुचवून पाहिलं. "थोडं कमी सांगत जा गं."

"अजून कमी? बाई, त्यांना काहीच येत नाहीये. बेकरीवाल्याची धाकटी तर गोलमध्ये तोंड शिवून उभी असते. काही विचारलं की नुसती बघते."

त्यावर बाईंना पुढे बोलवेना. पुढे बोलायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे या मुलीने ज्याच्यावर आयुष्य उभं केलं तेच काढून घ्यायचं.

पाचव्या सामन्यानंतरच्या सोमवारी दुपारी खारूताई लायब्ररीत आली. बाई जुन्या पुस्तकांना नवे कागद चिकटवत होत्या. तिने फळा भिंतीला टेकवला आणि समोरच्या बाकावर बसली.

"तो दुसरा गोल तरी आपला व्हायला हवा होता," ती म्हणाली. "पण काय करणार, आपली मुलगी ऑफसाइडच होती."

"नव्हती गं," बाई हातातल्या कागदावरची सुरकुती काढत म्हणाल्या. "पास निघाला तेव्हा ती, गोलकीपर सोडून, त्यांच्या शेवटच्या मुलीच्या बरोबर रेषेत होती. पास पोचला तेव्हा पुढे गेलेली दिसली, म्हणून पंच फसले. निघाला तेव्हाचं बघायचं असतं."

एवढं बोलून झाल्यावर बाईंचा हात कागदावर थांबला. इतकी वर्षं जपलेलं तोंड डिंकाच्या नादात सुटलं होतं. खारूताई डोळे मोठे करून बघत होती.

"तूच नाही का शिकवलंस मला," बाई घाईघाईने म्हणाल्या.

खारूताईचा चेहरा उजळला. किती दिवसांनी उजळला होता तो. "बाई, तुम्हाला अजून शब्दन् शब्द आठवतोय?" ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "तेवढी एकच माझी कमाई म्हणायची. बाई, मी सोडतेय. मुख्याध्यापिकांना उद्या सांगणार आहे. तुम्हाला काही येत नव्हतं तरी तुमचा संघ जिंकायचा. मला सगळं येतं, तरी माझा हरतो. म्हणजे दोष माझ्यातच आहे ना? उरलेले दोन महिने तुम्ही सांभाळा, मग शाळा बघेल काय करायचं ते."

ती उठलीही. बाईंना वाटलं, गप्प बसावं. जाऊ दे तिला, निदान ती एक आठवण तरी तिच्याबरोबर धड राहील. पण स्वतःला नालायक समजून घरी बसलेल्या बाईला ती आठवण किती दिवस पुरणार होती?

"बस," बाई म्हणाल्या. "मला येत होतं."

"काय?"

"ऑफसाइड. तू शिकवायच्या नऊ वर्षं आधीपासून मला येत होतं. सगळंच येत होतं. मी दरवर्षी न कळल्याचं सोंग करते. तुम्ही मला समजावता ना, तेव्हा ते तुमचं होतं. मी सांगितलं की ते माझंच राहतं. संघ जिंकतो तो त्यामुळे. दुसरं काही गुपित नाही."

खारूताई उभीच राहिली.

"त्या अकरा जणींनी सांगितलेलं तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"तरी माझ्यासाठी थांबलात."

"हो."

"कीव आली होती माझी?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, पण बाईंनी ती घेतली नाही. "आली होती," त्या म्हणाल्या. "माया पण होती. पण कीव आली होती, हे खरं."

"मी सासरी सांगितलंय हे, बाई," खारूताई अगदी हळू म्हणाली. "माझ्या मुलाला झोपवताना सांगते मी ही गोष्ट." आणि फळा तिथेच टाकून ती निघून गेली.

संध्याकाळी बाईंनी न जेवताच ताट बाजूला सरकवलं. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला हसताना बघितलं आणि मग सांगितलं मी," बाई म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हसवून मारलं मी तिला."

"नोकरी तरी सोडत नाही ना?"

"माहीत नाही."

"मग जरा थांब," यजमान म्हणाले, आणि बाईंच्या पानावर गरम पोळी वाढली. "तिला वेळ लागेल."

खारूताईने नोकरी सोडली नाही. पण बाईंशी ती चार दिवस "नमस्कार" यापलीकडे बोलली नाही, आणि तो नमस्कारही परक्या माणसाला करावा तसा. सरावाच्या वेळी ती हाताची घडी घालून उभी असायची. फळा लायब्ररीत तसाच भिंतीशी पडून होता. तो परत करायला जावं की नाही, हे बाईंना ठरवता येईना.

शनिवारी सामना होता. बाई एरवी उभ्या राहायच्या ती बाजू सोडून पलीकडच्या बाकावर, पालकांच्या गर्दीत बसल्या. मध्यंतराला संघ एका गोलने मागे होता. मुली घामाघूम होऊन ताईंभोवती जमल्या आणि सवयीने फळा शोधू लागल्या. मध्ये मैदानाची रुंदी होती, तरी तिकडचं बोलणं वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होतं.

"त्यांची ती दोन वेण्यांची मुलगी," खारूताई म्हणत होती, "ती दर वेळी मोकळी कशी सुटते, ते मला कळत नाहीये."

मुली गप्प राहिल्या. ताईंना कळत नाही, हे त्यांच्यासाठी नवीनच होतं. ताई वाट बघत राहिल्या. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली, कारण असं थांबणं किती जड जातं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग बेकरीवाल्याची धाकटी, तोंड शिवलेली ती गोलकीपर, खाली बसली आणि तिने पाण्याच्या बाटल्या मांडायला सुरुवात केली. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण ती बोलत होती. एक बाटली तिने तीनदा हलवली. कॅप्टनने काहीतरी आडवं सांगितलं, धाकटीने मान हलवून तिलाच गप्प केलं. शिट्टी झाली तरी त्यांचा वाद संपला नव्हता, तो मुली मैदानावर घेऊनच गेल्या.

दोन वेण्यांची मुलगी पुन्हा मोकळी सुटली नाही. शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरीचा गोल झाला आणि सामना तसाच संपला. जिंकल्या नाहीत. पण अख्ख्या उत्तरार्धात एकही मुलगी कडेला बघत नव्हती, हे बाईंनी मोजून पाहिलं होतं.

मुली बूट सोडत बसल्या तेव्हा खारूताई मैदान ओलांडून आली आणि बाकावर बाईंपासून हातभर अंतर सोडून बसली.

"मी सोंगच करणार होते," ती समोर बघत म्हणाली. "तुमच्यासारखं. पण ती सांगायला लागली आणि लक्षात आलं, मला खरंच दिसलं नव्हतं. मागून, गोलमधून दिसतं ते."

"हं."

"माझा राग गेलेला नाही, बाई."

"जायला नको इतक्यात."

मग खारूताईने विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्हाला कधी खरंच कळलं नाही, असं काही झालं का? की सगळंच सोंग?"

बाईंना विचार करावा लागला नाही. "एक आहे. मला ऑफसाइड कळलं म्हटल्यावर तू इतकी का रडलीस? एवढं रडण्यासारखं त्यात काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. बारा वर्षं झाली. विचारायची भीड वाटली."

खारूताईने पहिल्यांदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"आम्ही घरी पाच बहिणी," ती म्हणाली. "मी सगळ्यांत धाकटी आणि बोलायला हळू. मी वाक्य सुरू केलं की कुणीतरी ते पूर्ण करायचं. प्रेमानेच हो. आईसुद्धा करायची. वर्गातल्या बाई करायच्या, मैदानावर मुली करायच्या. मला वाटायचं, माझी वाक्यं सगळ्यांना आधीच माहीत असतात, मग मी बोलायचं तरी कशाला. त्या दिवशी मी तीनदा चुकले, तीनदा पहिल्यापासून मांडलं, आणि कुणी मध्ये बोललं नाही. माझं वाक्य मीच संपवलं. म्हणून रडले. ऑफसाइडचं काय एवढं?"

बाई ऐकत होत्या. "मग?" म्हणायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"चार दिवस मी एकच म्हणत होते," खारूताई म्हणाली. "त्यांना येत होतं, त्यांना येत होतं. आज ती धाकटी बाटल्या हलवताना चुकली ना, तोवर मलाही दिसायला लागलं होतं, बाटली कुठे हवी ते अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावून धरली मी." ती अडखळली, पण थांबली नाही. "येत नसतं तर कुणीही ऐकून घेतलं असतं, बाई. तुम्हाला येत होतं, आणि तुम्ही अर्धा तास गप्प बसलात."

पलीकडे मुलींनी ताईंना हाका मारायला सुरुवात केली. खारूताई लगेच उठली नाही. बाईंनी डोळे पुसले आणि दोघींच्या मधलं ते हातभर अंतर सरकून भरून काढलं.